सोळाच्या आतल्यांना बंदी आणि आमचं पालघर

पालघरकर:
काल इथे एकाने लिहिलं, "ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांची इन्स्टा, टिकटॉक खाती बंद केली. आपणही करा. विरोध करणारे मुलांचे वैरी." हे 'वैरी' फार लागलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आमच्या पालघरात दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. एकीने बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या मुंबई बंदबद्दल लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. अशा पोस्टसाठी तुरुंगात टाकणारं आयटी कायद्यातलं ६६अ कलम रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडलं. 'घातक' काय, हे ठरवणार कोण?

मेलबर्नची आई:
दादा, ६६अ लिहिणाऱ्याला आत टाकत होतं. इथे मुलांना किंवा पालकांना दंड नाही, कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. माझी लेक तेराव्या वर्षी बारीक होण्याच्या रील्स बघून जेवेनाशी झाली. डबा रोज भरलेला परत यायचा. तेव्हा कुणाचं स्वातंत्र्य जपायचं होतं मी?

सांगलीचा मास्तर:
आमच्याकडे मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. कायदा लागला नाही.

वकीलताई:
भोंगा मुलांसाठी, आणि बाप पारावर रील्स बघत बसतो!

सांगलीचा मास्तर:
न बघता बोलू नका. तिथे थोरांनीही फोन ठेवले, म्हणून पोरं पुस्तक घेऊन बसली. माझ्या वर्गात दहापैकी आठ पोरांची खाती बापानेच जन्मसाल खोटं टाकून उघडलीत. बंदी कुणावर घालणार?

मेलबर्नची आई:
गाव एक होतं, ठीक. आमच्या इमारतीत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. भोंगा कोण वाजवणार?

वकीलताई:
मूळ मुद्द्यावर या. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांचा डेटा घ्यायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. माझ्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी आली होती, घरचे लग्न लावत होते. मदतीचा नंबर तिला फोनवरच सापडला. उद्या अशीच एखादी मदतीच्या ॲपवर खातं उघडायला गेली, तर संमती कुणाकडे मागेल? लग्न ठरवणाऱ्या बापाकडे?

मेलबर्नची आई:
...अठरा जास्त आहे, मान्य. सोळावर मी हटणार नाही.

पालघरकर:
दंड कंपनीला, हे मलाही मान्य करावं लागतंय. ६६अशी तुलना मी ताणली. पण यादीत कोणतं ॲप घालायचं ते सरकारच ठरवणार ना? त्या दोघींपैकी एकीने नुसतं लाइक केलं होतं, ताई.