सागवानी पल्ल्यावर व्ही-खाचांची रुंदी एकसारखी का येत नाही?

दारकाम_उदगीर

सर्वांना सप्रेम नमस्कार. उदगीर येथे आमचा दरवाजे आणि देवघरे बनवण्याचा व्यवसाय असून, आठ बाय चार फुटांच्या बेडच्या (लाकूड ठेवण्याच्या टेबलाच्या) सीएनसी राऊटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, आम्ही नक्षीकाम करतो. सध्या एका जुन्या वाड्याच्या मुख्य दाराचे काम हाती आहे. पल्ल्याच्या चारही कडांना पैठणीच्या नारळी काठासारखी त्रिकोणांची ओळ, मध्यभागी मोर आणि चौकटीच्या दोन्ही उभ्या बाह्यांवर सरळ गोल पन्हळी (अर्धगोल तळाच्या लांब खाचा), अशी घरमालकांची मागणी आहे.

रेखाटन व्हीकार्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये केले असून, काठाच्या रेषेवर ९० अंशांचा व्ही-बिट (टोकदार, शंकूच्या आकाराचे पाते) २ मिलिमीटर खोलीने चालवला आहे, म्हणजे खाच ४ मिलिमीटर रुंद यायला हवी. फळ्या जोडून केलेल्या नमुन्याच्या पल्ल्यावर मात्र एका बाजूला खाच ४.८ मिलिमीटर, तर दुसऱ्या बाजूला ३.२ मिलिमीटर आली. शिवाय त्रिकोणांची टोके बाहेरून गोलसर दिसतात आणि लाकडाच्या रेषेला (तंतूंना) आडव्या जाणाऱ्या खाचांच्या कडा उपटल्या जातात. दोष प्रोग्रामचा, बिटचा की लाकडाचा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

राऊटर_जालना

आपण दिलेल्या मापांतच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. व्ही-बिटने पडणारी रुंदी म्हणजे खोलीची दुप्पट गुणिले बिटच्या अर्ध्या कोनाचा टॅन. ९० अंशांच्या बिटला हा टॅन १ असल्याने रुंदी खोलीच्या बरोबर दुप्पट येते. म्हणजे आपल्याकडे एका बाजूला खोली २.४ आणि दुसरीकडे १.६ मिलिमीटर पडली आहे. पल्ल्याचा पृष्ठभाग दोन बाजूंना ०.८ मिलिमीटरने वर-खाली आहे, एवढाच याचा अर्थ. सरळ बिटने खोबण मारताना हा फरक कुणाच्या ध्यानातही येत नाही. व्ही-बिट तो दुप्पट करून दाखवतो.

तरीही बिट एकदा तपासून घ्यावा, कारण बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक बिटचा कोन पाकिटावर छापल्याप्रमाणे असतोच असे नाही. सपाट एमडीएफच्या (दाबून बनवलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) तुकड्यावर ३ मिलिमीटर खोल रेघ मारून तिची रुंदी व्हर्नियरने मोजावी. ९० अंशांचा बिट असेल तर ६ मिलिमीटर, ६० अंशांचा असेल तर सुमारे ३.४६ मिलिमीटर भरेल. टोक किंचित चपटे असल्यास माप थोडे जास्त येईल, ते धरून चालावे.

त्यानंतर बेडवरचा एमडीएफ त्याच मशीनने हलका फेस करून, म्हणजे वरचा पातळ थर काढून सपाट करून, घ्यावा. ९० ऐवजी ६० अंशांचा बिट वापरल्यास हाच ०.८ मिलिमीटरचा उतार रुंदीत १.६ ऐवजी साधारण ०.९ मिलिमीटरचाच फरक पाडेल. मात्र ४ मिलिमीटर रुंदीसाठी खोली जवळपास ३.५ मिलिमीटर लागेल, तेव्हा पल्ल्याची जाडी पाहून ठरवावे. माझे मत विचाराल तर बेड आणि पल्ला दोन्ही मशीनवरच फेस करावेत आणि पल्ला न हलवता लगेच नक्षी मारावी.

नक्षीरेखा_नांदेड

टोके गोल येण्याचे कारण निराळे आहे आणि ते बेड सपाट करूनही जाणार नाही. आपण बिट एकाच रेषेवरून ठरावीक खोलीने चालवत आहात. कोपऱ्यावर वळताना शंकूच्या आकाराचा बिट बाहेरच्या बाजूला खाचेच्या अर्ध्या रुंदीइतक्या त्रिज्येची गोलाई ठेवणारच. नारळी काठाची शान त्या टोकात असते, म्हणून तिथे ही गोलाई फार खटकते.

यावर उपाय असा, की मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ मिलिमीटरवर ऑफसेट (समांतर रेषा) काढावा, ऑफसेट काढताना कोपरे टोकदार ठेवण्याचा पर्याय निवडावा, मूळ रेषा काढून टाकावी आणि उरलेल्या दोन बंद रेषांमधल्या पट्टीला व्ही-कार्व्हचा टूलपाथ (बिटचा मार्ग) द्यावा. मग बिट दोन्ही रेषांना टेकेल इतकाच खाली जातो आणि कोपऱ्यात शिरताना हळूहळू वर उचलला जातो. त्यामुळे पटाशीने कोरल्यासारखे धारदार टोक मिळते. रेषा कुठेही उघडी राहिल्यास हा टूलपाथ तिला घेत नाही, म्हणून आधी जॉईन करून खात्री करावी.

मोर छायाचित्रावरून ट्रेस केला असेल, तर त्यात शेकडो बारीक सरळ तुकडे आले असतील. मशीन त्या प्रत्येक तुकड्यावर अडखळते आणि वळणावर दातेरी खुणा दिसतात. अशा रेषांना सलग वक्र बसवून घ्यावेत. पिसाऱ्यात दोन खाचांमध्ये उरणारी धार निदान २ मिलिमीटरची असू द्यावी. पडद्यावर एक मिलिमीटरची धार फार नाजूक दिसते, पण लाकडाच्या रेषेला आडवी गेली की ती सँडिंग करतानाच उडते.

सागशिसव_संभाजीनगर

जालन्याच्या मित्रांनी मांडलेला हिशोब अचूक आहे, परंतु पल्ला फेस करण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. पाख आलेला, म्हणजे मधून वाकलेला पल्ला बेडवर दाबून धरला आणि वरून सपाट केला, तरी क्लॅम्प सोडताच तो पुन्हा वाकतो. जाडी मात्र कडेला एक आणि मध्ये दुसरी होऊन बसते, आणि पुढे बिजागऱ्या बसवताना त्याचा त्रास होतो. जाडी रंध्याच्या मशीनवर आधीच एकसारखी केलेली असेल, तर पल्ला कडांना आणि मध्यावरही नीट दाबून तसाच खाच मारावा. क्लॅम्प सोडल्यावर पल्ला थोडा वर आला, तरी खाचेची रुंदी कायम राहते.

आपल्या भागात लाकूड वाकण्यास हवाच पुरेशी कारणीभूत ठरते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना सुकलेली फळी जुलैच्या दमट हवेत फुगते, आणि डेपोतून आणलेल्या फळ्या त्याच दिवशी जोडल्या तर पाख येणारच. फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून त्या काही आठवडे वर्कशॉपमध्येच मुरू द्याव्यात. आर्द्रता ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान आली, की मग जोडणी करावी.

कडा उपटण्याचे मुख्य कारण बोथट बिट. सागात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, त्यामुळे एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) बिट या लाकडाला पुरत नाही, त्याहून कठीण कार्बाइडचाच घ्यावा. खाच एकाच फेरीत न मारता पहिल्या फेरीत ०.३ मिलिमीटर शिल्लक ठेवावे आणि शेवटची फेरी हलकी घ्यावी. पृष्ठभागावर आधी सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रे भरणाऱ्या लेपाचा) एक हात मारून तो पूर्ण वाळू दिल्यास तंतू धरून राहतात. दोन धारांचा बिट मिनिटाला १८,००० गिरक्यांवर चालवत असाल, तर प्रत्येक गिरकीत प्रत्येक धारेमागे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर धरून मिनिटाला १,८०० ते ३,६०० मिलिमीटर फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) येतो. भीतीपोटी फीड फार कमी ठेवल्यास बिट कापण्याऐवजी घासतो, खाच काळी पडते आणि धारही जाते.

दारकाम_उदगीर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एमडीएफवर बिट तपासला, तो ९० अंशांचाच आहे. पल्ल्यावर सरळपट्टी आडवी ठेवली तेव्हा पाख स्पष्ट दिसला. ऑफसेट काढून केलेल्या काठाची टोकेही आता उत्तम येत आहेत. बाह्यांवरील पन्हळींसाठी कोणता बिट आणि किती अंतर ठेवावे, हेही कृपया सांगावे. बाही चार इंच रुंद आहे.

राऊटर_जालना

पाख असेल, तर फेस करण्याचा माझा सल्ला बाजूला ठेवावा. संभाजीनगरकरांचे म्हणणे येथे योग्य आहे.

पन्हळींसाठी १२ मिलिमीटरचा बॉलनोज (गोल टोकाचा बिट) घ्यावा. ३ मिलिमीटर खोलीला तो सुमारे १०.४ मिलिमीटर रुंद पन्हळ देतो, आणि खोली अर्ध्या मिलिमीटरने घटली तरी रुंदी साधारण ०.६५ मिलिमीटरनेच घटते, त्यामुळे येथे पृष्ठभागाचा जाच कमी. चार इंच म्हणजे जवळपास १०० मिलिमीटर धरल्यास पाच पन्हळी, त्यांच्यामध्ये ६ मिलिमीटरची सपाट पट्टी आणि दोन्ही कडांना १२ मिलिमीटर असा हिशोब बरोबर बसतो. मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर १६.४ मिलिमीटर येईल. टूलपाथ फ्लूटिंगचा निवडावा आणि दोन्ही टोकांना ४० ते ५० मिलिमीटरचा स्मूथ रॅम्प (सावकाश चढउतार) द्यावा, म्हणजे पन्हळ एकदम न थांबता पृष्ठभागात विरून जाईल. मांडणी करताना बाहीचा जेवढा भाग भिंतीच्या गिलाव्याखाली दडणार आहे, तेवढा आधी वजा करून उरलेल्या दिसणाऱ्या रुंदीचाच मध्य काढावा आणि अंतरे त्यानुसार कमी करावीत.