'ळ' आला म्हणून डाव सोडू नका
शब्दसाखळीत, म्हणजे आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरानं पुढचा शब्द सुरू करायच्या खेळात, शेवटी 'ण' किंवा 'ळ' आला की त्याच्या आधीचं अक्षर घ्यावं, असं काही जण सुचवतात. मला नाही पटत. नागपुरात उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर आम्ही सगळ्या भाषा मिसळून खेळतो. एकदा मी 'अंगण' म्हटलं आणि वाटलं, जिंकलो! जैन मैत्रिणीनं शांतपणे 'णमो' टाकला. जैन ग्रंथांच्या जुन्या भाषेत, प्राकृतात, 'ण'नं शब्द सुरू होतात, ज्ञानाला 'णाण' म्हणतात. मग मी 'मोसंबी'वर आलो.

'ळ'ला मात्र मराठीत वाट नाही, हिंदीतही नाही. तिथे शिरितोरी या जपानी शब्दसाखळीचा नियम घ्या: 'न्'नं संपणारा शब्द बोलणारा हरतो. आमच्याकडे 'आभाळ' म्हणणारा बाद. लेकरं आता शब्दाचा शेवट आधी ओठांत पुटपुटून बघतात.