आजीच्या अंत्यविधीच्या मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) काय बोलावे?

प्रश्न: आमच्या आजीचे परवा निधन झाले. ऐन तिशीत वैधव्य येऊनही तिने शिवणकामावर चार मुले वाढवली आणि रात्रीची रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) कधी चुकवली नाही. उद्या मिस्सेत तिच्याविषयी बोलायचे आहे. कधी आणि किती बोलावे?

उत्तर १: प्रवचनाच्या जागी गुणगौरवपर भाषण करण्यास चर्चच्या नियमांत मनाई आहे, मात्र कम्युनियननंतरची (ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर, अंतिम निरोपाच्या विधीपूर्वी, कुटुंबीयाला थोडक्यात बोलता येते. फादरांना आजच विचारून ठेवा.

उत्तर २: ‘ती फार धार्मिक होती’ असे नुसते म्हणू नका (हे सगळेच म्हणतात), तर तिची जपमाळ कशी होती ते सांगा.

प्रश्नकर्ता: तिच्या ५९ मण्यांपैकी एक हरवला होता, तिथे तिने शर्टाचे पांढरे बटण ओवले होते; ‘नमो मरिया’ ही मरियामातेची प्रार्थना म्हणताना बोट त्या बटणावर आले की ती क्षणभर थांबे, कारण तो शर्ट आजोबांचा होता.

उत्तर २: मग एवढेच सांगा. शक्य असल्यास जपमाळ सोबत न्या.