मदत हवी आहे: बोगद्यातले अंतर अ‍ॅक्सेलरोमीटरने मोजताना २.७ किलोमीटरची चूक कुठून येते?

नमस्कार,

मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की मोबाइलवरचे जीपीएस बंद पडते. मग आतल्या त्या पाच मिनिटांत गाडी नेमकी कुठे पोहोचली हे काढता येईल का, असे एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले. त्या प्रश्नातून आमचा प्रकल्प उभा राहिला आणि आता तो अडला आहे.

आम्ही एमपीयू-६०५० ही चिप वापरतो, जिच्यात तीन अक्षांवर अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरणमापक) आणि तीन अक्षांवर जायरो (वळण्याचा वेग मोजणारे) आहेत. ती एका डबीत बसवली आहे. आत सिलिकॉनचे अतिसूक्ष्म वस्तुमान लवचीक पट्ट्यांवर धरलेले असते आणि ते किंचित सरकले की शेजारच्या दात्यांमधली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. म्हणजे ही चिप त्वरण थेट मोजत नाही, तर त्या वस्तुमानाला आपल्याबरोबर ठेवण्यासाठी पट्ट्यांना किती बल लावावे लागते ते मोजते. म्हणून टेबलावर स्थिर ठेवली तरी ती उभ्या अक्षावर १ जी (गुरुत्वीय त्वरणाइतके) दाखवते आणि मुक्त पतनात शून्य. हे मुलांना पटायला दोन तास लागले, पण ते दोन तास सार्थकी लागले असे मला वाटते.

आमच्या चिपचा उभा अक्ष टेबलावर १ जी साठी अपेक्षित १६,३८४ ऐवजी १६,९०० च्या आसपास आकडा देतो. अशी मूळची चूक प्रत्येक अक्षावर असणार, म्हणून रत्नागिरी स्थानकात गाडी उभी असताना दोन हजार नोंदींची सरासरी घेऊन ती वजा केली. गाडी चिपळूणच्या दिशेने निघाली आणि बोगद्याच्या तोंडाशी जीपीएसने ताशी ७८ किलोमीटर वेग दाखवला. तिथून पुढे त्वरणाची बेरीज करून वेग आणि वेगाची बेरीज करून अंतर काढले. ३०० सेकंदांनी गाडी बाहेर आली तेव्हा जीपीएस पुन्हा ताशी ७८ दाखवत होते, आमचे गणित मात्र ताशी १४३! साडेसहा किलोमीटरचा बोगदा आमच्या हिशोबात ९.२ किलोमीटरचा झाला.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये नॉटिलस ही अमेरिकन पाणबुडी याच तत्त्वावरच्या यंत्रणेच्या आधारे उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. मग आमची चूक पाच मिनिटांत एवढी का वाढते, आणि ती चिपची आहे की आमच्या पद्धतीची, हे कृपया कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद

सर, आपल्या नोंदींतच निम्मे उत्तर आहे. वेगातला फरक ताशी ६५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. तो ३०० सेकंदांत साचला, म्हणजे त्वरणातली चूक ०.०६ मीटर प्रति सेकंद वर्ग. तेवढीच चूक सतत राहिली असे धरून अंतरातला फरक काढला, तर तो बरोबर २.७ किलोमीटर येतो. दोन्ही आकडे जुळतात, तेव्हा चूक जवळपास स्थिर होती असे म्हणता येते.

आता ०.०६ म्हणजे किती? डबी अवघी ०.३५ अंश कलली, तर गुरुत्वाकर्षणाचा एवढाच अंश पुढच्या अक्षावर येतो. स्थानकात रूळ जवळपास सपाट असतात. पुढे मार्गाला १६० मीटरला एक मीटर चढ लागला, तरी अ‍ॅक्सेलरोमीटरला तो वेग वाढल्यासारखाच भासतो. चढ आणि त्वरण यांत त्याला फरक करता येत नाही, तो जायरोला करावा लागतो. पण जायरोत तासाला ४ अंश इतकी स्थिर चूक राहिली, तरी पाच मिनिटांत अंतर सुमारे ९०० मीटर चुकते, आणि ही चूक वेळेच्या घनाच्या पटीत वाढते. नॉटिलसमध्ये जायरोंनी आडव्या राखलेल्या मंचावर अ‍ॅक्सेलरोमीटर बसवलेले होते आणि ते जायरो आपल्या चिपमधल्यांपेक्षा कितीतरी अचूक होते.

दोष चढाचा की चिप तापून तिची मूळची चूक बदलल्याचा, हे ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. परतीच्या प्रवासात डबीचे तोंड गाडीच्या दिशेनेच ठेवा, उभ्या गाडीत पुन्हा सरासरी घ्या आणि हाच हिशोब करा. चूक उलट्या चिन्हाची आली तर ती चढाची. त्याच चिन्हाची आली तर चिपची.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. वेगातला आणि अंतरातला फरक शेजारी मांडून पाहणे आम्हाला सुचलेच नव्हते. येत्या शनिवारी विद्यार्थ्यांसह चिपळूणहून परतीची नोंद घेतो. चिप प्रवासाआधी तासभर चालू ठेवून तिचे तापमान स्थिर होऊ द्यावे, की थंड चिपनेच सुरुवात करून पूर्वीसारखीच परिस्थिती ठेवावी, एवढे मात्र सांगा.