हातात एक्क्यांची जोडी, तरी डाव का जातो? (होल्डेम पोकर, फुकटच्या चिप्स)

केळीचा_घड, रावेर

राम राम मंडळी. खालचा डाव बघा आणि चूक कुठे झाली ते सांगा.

नऊ जणांचं टेबल, ब्लाइंड (पानांआधी दोघांनी भरायच्या चिप्स, मोठा तो बिग ब्लाइंड) ५०-१००, प्रत्येकाकडे साधारण १०,००० चिप्स. बिग ब्लाइंडच्या लगेच पुढची जागा, म्हणजे पहिली बोली आपली. हातात इस्पीक एक्का आणि चौकट एक्का. ३०० चा रेझ (बोली वाढवली). चार जणांनी कॉल केला (तेवढेच टाकले), बिग ब्लाइंडसकट. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १,५५०. फ्लॉप (सगळ्यांची पहिली तीन उघडी पानं) पडला: बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किल्वर सत्ती. बिग ब्लाइंड चेक (काही न लावता पाळी पुढे), आपण १,००० लावले, एक गेला, पुढच्याने ३,००० केले, बटनवाल्याने (शेवटची पाळी असलेल्याने) ते ३,००० कॉल केले, बिग ब्लाइंड गेला. आता आपली पाळी, अजून २,००० टाकायचे.

प्रश्न असे: रेझ किती हवा होता? का सुरुवातीला नुसता कॉल करून एक्के लपवायचे, तीन पत्तीत ट्रेल (तिन्ही सारखी पानं) लपवतात तसे? राजे, राण्या, एक्का-राजा हेही असेच खेळायचे का? आणि इथे फ्लॉपवर काय करायचं?

---

आखाजी५२, चोपडा

भाऊ, सगळं मूळ तुमच्या त्या ‘ट्रेल लपवतात तसे’ मध्ये आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झाडाखाली जो डाव बसतो त्यात तीन पानं वाटली की विषय संपला. ट्रेल आली ती शेवटपर्यंत ट्रेलच राहते, म्हणून गप्प बसून चाल द्यायची आणि बाकीच्यांना वाढवू द्यायचं हे तिथे बरोबर. होल्डेममध्ये तुमच्याकडे सातातली दोनच पानं आलीत, पाच अजून पडायचीत. त्या पाच पानांत समोरच्याचा कचरा कधीही रन (ओळीने पाच पानं) किंवा कलर (पाच एकाच रंगाची) होतो. एक्के सगळ्यात जास्त पुढे असतात ते फ्लॉपच्या आधी, म्हणून पैसे (इथे चिप्स) तेव्हाच आत जायला हवेत.

आकडे बघा. कुठल्याही दोन पानांविरुद्ध एक्क्यांची जोडी शेवटपर्यंत नेली तर:

समोर एक जण: साधारण ८५ टक्के
दोन: ७३
तीन: ६४
चार: ५६
पाच: ४९

तुमच्या डावात चार होते. म्हणजे जगातला सगळ्यात भारी हात, आणि जवळपास निम्म्या वेळा हरणारा.

रेझ किती? पुस्तकी हिशोब बिग ब्लाइंडच्या अडीच ते तीन पट, आणि आधी कोणी नुसता कॉल करून (लिंप) बसला असेल तर प्रत्येकामागे एक पट जास्त. तिघे लिंप झालेत आणि तुम्ही बटनवर आहात, तर तीन अधिक तीन, म्हणजे ६००. पण हा हिशोब लोक पानं टाकतात तिथला. फुकटच्या टेबलवर ३०० ला कोणीच पानं टाकत नाही, चहाच्या कपासारखं सगळे घेतात. तिथे ६००-७०० करा. तेवढ्यालाही तिघे येत असतील तर ९००. एक-दोन जण उरतील इतकाच रेझ वाढवत न्यायचा.

फरक किती पडतो ते पाहा. ७०० चा रेझ, दोन कॉल, दोन्ही ब्लाइंड गेले: पॉट २,२५०, मागे ९,३०० उरले. म्हणजे मागचा ढीग पॉटच्या चौपट. दोन मध्यम बेट आणि रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानावर) ऑल-इन (उरलेलं सगळं), सगळं सरळ. तुमच्या डावात पॉट १,५५० आणि मागे ९,७००, सहापटीहून जास्त, वर समोर चार जण. एका जोडीच्या जिवावर एवढा ढीग आत लोटणं महाग पडतं.

---

राणी_बदाम, धुळे

राजे, राण्या आणि एक्का-राजा एकाच टोपलीत टाकू नका. फरक मोजून दाखवते.

कुठलीही ठरावीक जोडी सहा तऱ्हांनी येते, २२१ डावांत एकदा. एक्का-राजा सोळा तऱ्हांनी, त्यातले चार एकाच रंगाचे. आता समजा समोरचा घट्ट खेळाडू आहे आणि तो फक्त एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा घेऊनच सगळं लावतो.

तुमच्याकडे राजे: त्याच्याकडे एक्के ६ तऱ्हा, राजे १, राण्या ६, एक्का-राजा ८ (दोन राजे तुमच्याकडेच असल्याने सोळाचे आठ झाले). एकूण २१, त्यातल्या फक्त सहांना तुम्ही मागे. सरासरी ५७ टक्के तुमची. ऑल-इन घ्यायचा, विचार करत बसायचं नाही.

तुमच्याकडे राण्या: एक्के ६, राजे ६, राण्या १, एक्का-राजा १६. एकूण २९. बाराला तुम्ही जवळजवळ मेलेले, सोळाला थोडेसे पुढे (एक्का-राजा वेगळ्या रंगाचे असतील तर ५७ टक्के). सरासरी ४० च्या आसपास. तोच माणूस, तीच बेट, पान एकच खालचं, आणि निर्णय उलटा.

म्हणून राण्या घेऊन घट्ट माणसाच्या रेझला नुसता कॉल चालतो. सैल माणसाच्या रेझवर मात्र पुन्हा रेझ करायचाच, कारण तो दश्श्या, नव्व्या, एक्का-गुलाम घेऊनही येतो. पुन्हा रेझ करताना आकडा: तुमची पाळी त्याच्या नंतर असेल तर त्याच्या तिप्पट (३०० वर ९००), आधी असेल तर चौपट (१,२००). ३०० वर ६०० करणारे फार. त्याने समोरच्याला फ्लॉप स्वस्तात मिळतो आणि तुमची पानं मात्र उघड होतात.

राजे आले की लोक एक्क्याला घाबरतात. नऊ जणांच्या टेबलवर बाकी आठांपैकी कोणाकडे एक्क्यांची जोडी असणं २५ वेळांत एकदा. फ्लॉपवर किमान एक एक्का पडणं मात्र २३ टक्के, आणि भीती धरायची तर ही. राण्यांना राजा किंवा एक्का पडणं ४१ टक्के, गुलामांना वरचं एखादं पान पडणं ५७. पान जितकं खाली, फ्लॉपच्या आधी समोरची माणसं कमी करणं तितकं गरजेचं.

एक्का-राजा दिसतं भारी, पण ती जोडी नव्हे. फ्लॉपला एक्का किंवा राजा तीनातून एकदाच लागतो. त्याची खरी किंमत दुसरीकडे: तुमच्याकडे एक एक्का आणि एक राजा असल्यामुळे समोर एक्क्यांच्या जोडीच्या सहाच्या तीन तऱ्हा उरतात, राजांच्याही तीनच. म्हणून हा हात पुन्हा रेझ करायला चांगला, आणि फ्लॉप चुकल्यावर चार जणांत बेट मारत सुटायला वाईट. समोर एकच जण असेल तर एक छोटी बेट, पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची. तो हलला नाही तर थांबा.

---

जळगाव_जंक्शन

आखाजीदादांच्या यादीला एक जोड, नाहीतर लोक अर्धंच घेतील. ‘पाच जण आले म्हणून एक्के वाईट’ हे खरं नाही. फ्लॉपच्या आधीच सगळे ऑल-इन असतील, तर जितके जास्त तितकं बरं. एकाविरुद्ध ८५ टक्के वेळा दोन ढीग मिळतात, सरासरी नफा ढिगाच्या ०.७ पट. पाचांविरुद्ध ४९ टक्केच, पण ढीग सहा, नफा जवळपास दोन पट. फुकटच्या टेबलवर ‘बठ्ठं लाई दे’ म्हणत डोळे मिटून सगळं लावणारे तिघे बसले असतील तर त्यांना अजिबात पळवू नका.

त्रास होतो तो सगळे आले, पण प्रत्येकाने ३०० च टाकले आणि ९,७०० मागे राहिले तेव्हा. पुढे असताना थोडे गेले, मागे पडल्यावर ढीग जातो.

आणि लिंपबद्दल माझं मत थोडं वेगळं. डावीकडे दर डावाला रेझ मारणारा बसला असेल, तर पहिल्या बोलीला १०० वर नुसता कॉल करून त्याचा ५०० येऊ द्यायचा आणि मग १,८०० करायचे, हे चालतं. पण तो रेझ मारणारच याची खात्री हवी. खात्री म्हणजे दहा डावांत सहा-सात वेळा मारताना पाहिलेला. नाहीतर सात जण १००-१०० टाकून फ्लॉप बघतात आणि बिग ब्लाइंडची सत्ती-दुर्री दोन जोड्या करून बसते.

---

केळीचा_घड, रावेर

रेझचं समजलं. फ्लॉपचं राहिलं. २,००० टाकून पॉट १०,५५० होतो, म्हणजे १९ टक्केच जिंकायचं. एक्क्यांना एवढंही नाही?

---

आखाजी५२, चोपडा

हिशोब बरोबर, पण अर्धा. २,००० टाकल्यावर मागे ६,७०० उरतात आणि टर्नला (चौथ्या पानावर) तेही मागितले जाणार. १९ टक्के हे फक्त पहिल्या हप्त्याचे.

आता समोर काय असू शकतं ते मोजा. ९-८-७ वर गुलाम-दश्शी, दश्शी-छक्की, छक्की-पंजी, तिन्हींचा रन तयार, प्रत्येकाच्या सोळा तऱ्हा. नव्व्या, अठ्ठ्या, सत्त्यांचे सेट (हातात जोडी, तिसरं फ्लॉपवर) मिळून नऊ. नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती अशा दोन जोड्या वेगळ्या. सेट असेल तर तुम्हाला ९ टक्क्यांच्या आसपास, तयार रनपुढे त्याहूनही कमी. दोन जोड्यांविरुद्ध चारातून एकदा. दोन बदाम घेऊन कलरची वाट बघणाऱ्या एकट्यापुढे तुम्ही पुढे आहात, पण रेझ आणि त्यावर थंड कॉल (आधी काही न लावता थेट ३,०००), असे दोघे आलेत. दोघांकडेही नुसती आशाच आहे हे फार क्वचित.

बदामाचा एक्का तुमच्या हातात असता तर समोरच्याचा मोठा कलर तरी अडला असता. तोही नाही. पानं टाका.

आणि आधीची १,००० ची बेटही मला पटत नाही. चार जणांत, अशा ओल्या (रन-कलर जुळवणाऱ्या) फ्लॉपवर, मागे पाळी असलेले तिघे असताना चेक करा. कोणी अर्ध्या पॉटपर्यंत मारलं आणि बाकीचे गेले तर एक कॉल. बेट आणि वर रेझ झाला तर सोडा. हेच एक्के राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळे रंग, अशा फ्लॉपवर असते तर उलट: पॉटच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश, लगेच. राजा धरून बसलेला रिव्हरपर्यंत भरत राहतो.

---

भरीत_पार्टी, भुसावळ

मोबाइलवर दाबायच्या बटनांबद्दल कोणी बोललं नाही, निम्मी गडबड तिथेच होते.

मोबाइलवर फ्लॉपच्या आधी ‘पॉट’ बटन दाबलं की, कोणी लिंप नसेल तर ३५० पडतात. ‘मिन’ म्हणजे २००. दोन्ही फुकटच्या टेबलला अपुरे. सरकपट्टीवर बोट घसरतं आणि ७०० चे ७,००० होतात, म्हणून आकडा टाइप करा, कन्फर्मचा पर्याय असेल तर चालू ठेवा. ‘कॉल एनी’ वर आधीच टिक करू नका. पाळी येताच क्षणात कॉल पडला की टेबलला कळतं की तुम्ही बघतही नव्हता.

एक्क्यांना ७०० आणि बदाम नव्वी-अठ्ठीला २५०, असं केलं तर चार डावांत समोरचा ओळखतो. त्या जागेवरून रेझ करायचा तो एकाच आकड्याचा, पान कुठलंही असो.

लाइट गेली की वायफाय जातं, आणि बहुतेक ठिकाणी वेळ संपला की पानं आपोआप फोल्ड. पाळी आली तेव्हा बेट नसेल तर चेक, एवढीच दया. मोबाइल डेटा चालू ठेवा.

टूर्नामेंट असेल आणि तुमच्याकडे १०-१२ बिग ब्लाइंडच उरले असतील तर वरचं बरंचसं विसरा. राण्या, गुलाम, एक्का-राजा सरळ ऑल-इन. एक्के असतील तर दुप्पट रेझही चालतो, कारण तेव्हा कोणी यावं हीच इच्छा असते.

---

राणी_बदाम, धुळे

नवीन वाचणाऱ्यांसाठी एक ओळ: पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आहे. इथला सगळा हिशोब फुकटच्या चिप्सचा. ‘खरे पैसे, खात्रीची जागा’ म्हणून कोणी लिंक पाठवली तर उघडू नका.

घडभाऊ, पुढच्या वेळी राण्या आल्या आणि फ्लॉपला राजा पडला तर तो डाव इथे टाका. एक्क्यांपेक्षा तिथे जास्त चिप्स जातात.