घंटा वाजली की हात लाकडाचे होतात (घोडेस्वारी स्पर्धा, मदत हवी आहे)

नमस्कार. वय ३६, पुण्यात चार वर्षं घोडेस्वारी शिकतेय. सरावात ८० सेंटिमीटरच्या जंप निवांत होतात. घोडी चौदा वर्षांची, शहाणी, माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळतं. पण स्पर्धा म्हटली की आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत आणि रिंगणात शिरलं की कोर्स (कोणता अडथळा कोणत्या क्रमानं घ्यायचा ते) डोक्यातून साफ पुसला जातो.

मागच्या महिन्यातलं सांगते. घंटा झाल्यावर ४५ सेकंदांत सुरुवात करायची. त्यातली निम्मी मी पहिला अडथळा शोधण्यात घालवली. तिसऱ्यापाशी घोडी थांबली, चार फॉल्ट (दंडाचे गुण). वळवून आणली, पुन्हा थांबली, बाद! सगळे म्हणाले घोडी अडली. अहो, लगाम मीच आवळून धरला होता, ती बिचारी मान लांब करणार कशी? बाहेर आल्यावर घोडीची देखभाल करणाऱ्या सईसदादांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. "ताई, सोडा आता, ती कुठं पळत नाहीये."

पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. प्राणायाम घरी जमतो, खोगिरावर बसलं की आठवतही नाही. (नवरा म्हणतो, मग जातेस कशाला? हा सल्ला कृपया नको.) पडायची भीती नाही, पडून झालंय. भीती चारचौघांत फजिती होण्याची आहे. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद
मी गेलोय, आणि अजून पूर्ण बाहेर आलेलो नाही. दोन गोष्टी सांगतो.

कोर्स वॉक (स्पर्धेआधी रिंगणात पायी फिरून अडथळे बघणं) गप्पा मारत करू नका. आपली तीन फुटांची चार पावलं म्हणजे घोड्याचा साधारण एक स्ट्राइड (दौडीतली एक ढांग). दोन अडथळ्यांमध्ये उतरायची दोन आणि झेपावायची दोन पावलं सोडून मधली मोजा. पायांनी मोजलेला कोर्स डोकं सहसा विसरत नाही. मग एका बाजूला उभं राहून डोळे मिटून सगळी वळणं एकदा घ्या.

दुसरं, कँटरमध्ये (मध्यम दौडीत) स्ट्राइड मोठ्यानं मोजा. बोलताना श्वास कोंडता येत नाही. ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेत) आवाज काढला तर गुण जातात, जंपिंगमध्ये कोणी अडवत नाही. घोडीच्या गळ्यात एक सैल पट्टा बांधा. हात आवळले तर पट्टा धरा, तिचं तोंड नको. वॉर्म-अपला सहा-सात जंप पुरे. धास्तीपायी वीस मारल्यात तर आत जाईपर्यंत दोघी दमलेल्या असाल.

धागाकर्ती
आभार. आज मोजून पाहिलं. सर लांबून विचारत होते, कोणाशी बोलतेयस? पट्टा म्हणून सईसदादांनी रिकिबीचा जुना पट्टा काढून दिला. चौथ्या जंपपर्यंत श्वास चालू होता, मग आकडा चुकला आणि मूठ परत आवळली. पण या वेळी मुठीत पट्टा होता, घोडी थांबली नाही. अजून कोणाचे उपाय असतील तर येऊ द्या, विशेषतः त्या पोह्यांचं काय करायचं ते.