बागेत दिसणारे साप: भिंतीवरचा कवड्या की मण्यार?

परसदार
पावसाळा लागल्यापासून बंगल्याच्या बागेत तीन प्रकारचे साप दिसताहेत. एक कुंडीच्या मातीत, गांडुळाएवढा, काळसर आणि चकचकीत. दुसरा भरदिवसा गवतात, दीड-दोन फुटी, पाठीवर मानेकडून शेपटीपर्यंत दोन पिवळे पट्टे. तिसरा रात्री पोर्चच्या भिंतीवर, दिव्याजवळ. तपकिरी, अंगावर आडवे पांढुरके पट्टे. तिसरा मण्यार तर नसेल? फिनाइल शिंपडून उपयोग होतो का? घरात लहान मुलं आहेत.

खवलेमवले
दिव्याजवळच्या भिंतीवर बहुधा कवड्या, हा बिनविषारी. दिव्यावर किडे, किड्यांवर पाली आणि पालींवर हा. पण भिंतीवर आहे म्हणून कवड्याच, असं धरून चालू नका. दोन मीटर लांबून मोबाइलने झूम करून फोटो काढा आणि पट्टे कुठे ठळक आहेत ते पाहा. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मानेवर बहुतेकदा फिकट कडं असतं. मण्यारीचं उलटं: रंग काळा-निळसर, पट्टे बारीक, दुधी, सहसा जोडीजोडीने, आणि मानेजवळ ते नसतात किंवा तुटक ठिपके असतात.

फसगत होते ती मण्यारीच्या पिल्लात, कारण त्याला मानेजवळही पट्टे असतात. अशा वेळी कण्यावरची खवल्यांची रांग बघा. मण्यारीत ते खवले बाजूच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात, कवड्यात सगळे सारखेच. फोटोत हे दिसलं नाही तर मण्यार समजूनच वागा.

ओलीमाती
कुंडीतला वाळा. हा आंधळ्या सापांपैकी. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो, म्हणजे कुंडीच्या फायद्याचाच. या जातीत फक्त माद्याच असतात, नराशिवाय पिल्लं होतात, त्यामुळे नर्सरीच्या मातीतून एक आला तरी पुरतो. गांडुळाचं अंग ओलं, वळ्यावळ्यांचं. वाळा कोरडा, गुळगुळीत आणि बारीक जीभ काढणारा. हातात धरला तर शेपटीचं टोक टोचतो, त्यात विष नसतं. पावसात बाथरूमच्या मोरीतून वर येतो तोही हाच. सुपलीत घेऊन ओल्या मातीत सोडून द्या.

पिवळ्या पट्ट्यांची नानेटी. बेडकांवर जगते, स्वभावाने गरीब. घाबरली की अंग फुगवते, मग खवल्यांमधली निळसर कातडी दिसते. लोक तेवढ्याला भिऊन मारतात, याचं फार वाईट वाटतं.

खवलेमवले
फिनाइलने साप थांबत नाहीत, उलट मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्रास. त्यापेक्षा दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा, मोरीला बारीक जाळी लावा, विटा-फरशांचा ढीग भिंतीपासून हलवा. कोंबड्यांचं किंवा पक्ष्यांचं सांडलेलं दाणापाणी रोज झाडा, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यार रात्री फिरते, दंशाला सूज-वेदना फारशी नसते आणि झोपेत कळतही नाही. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणं, बोबडी वळणं असं काही दिसलं तर खूण शोधत बसू नका, आवळपट्टी बांधू नका, प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा.

ओलीमाती
एक राहिलं. वाफ्यांभोवती नायलॉनची जाळी असेल तर ती जमिनीवर सैल लोळू देऊ नका. उंदरामागे आलेली धामण त्यात अडकते, मागे सरता येत नाही आणि दोरा खवल्यांखाली रुततो. अडकलेली दिसली तर ओढू नका, धामण बिनविषारी असली तरी कडकडून चावते. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, आणि माणूस येईपर्यंत तिच्यावर ओलं गोणपाट टाकून सावली करा.